कवटीची दुसरी प्लेट

२ जुलै

चि. फौजदारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे २८ जूनचे पत्र आणि सोबतचा तक्रारअर्जाचा मसुदा काल पोचला. मसुदा तपासून पाठवा, असे तू लिहिले आहेस, म्हणून तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. तुझ्या हकिकतीत पाच चुका आहेत. राग मानू नकोस. लहानपणी घरातले खोडरबर हरवले की तू सर्वांच्या जबान्या घेत असस, त्यावरून तुझे हे नाव पडले. पण जबानी अचूक उतरवून घेणे तुला तेव्हाही जमत नसे.

पहिली चूक. तुझ्या आईच्या सर्व हाडांच्या क्ष-किरण प्लेटा गेल्या वर्षी ९ जूनला नव्हे, ११ जूनला काढल्या. ९ तारखेला रविवार होता आणि रविवारी आमचा क्ष-किरण विभाग बंद असतो. तीस वर्षे मी त्या विभागाचा प्रमुख तंत्रज्ञ होतो. एवढे मला ठाऊक असणारच.

दुसरी. प्लेटा दहा नव्हत्या, बारा होत्या. दोन्ही मांड्यांच्या दोन तू विसरलास.

तिसरी. एमआरआय म्हणजे 'मोठा एक्स-रे' नव्हे. त्यात क्ष-किरण मुळीच नसतात. ते चुंबकाचे काम आहे, आणि त्याने हाडापेक्षा हाडातला मगज चांगला दिसतो. तुझ्या आईचा हा कर्करोग, मायलोमा, मगजातच सुरू होतो आणि मग हाड आतून पोखरतो, म्हणून ती तपासणी केली.

चौथी. पेट स्कॅनच्या वेळी शिरेतून दिली ती 'डाय' नव्हती. किंचित किरणोत्सर्गी साखर होती. आजारी पेशी साखर अधाशासारखी खातात, म्हणून पडद्यावर त्या जागा उजळतात.

पाचवी. ६ फेब्रुवारीला तिचा दंड बादली उचलताना मोडला नाही. खिडकीची झडप ओढताना मोडला. मी समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतो. झडप ओढायला तिने आधी मला सांगितले होते, ही गोष्ट अर्जात घालण्याचे कारण नाही.

कवटीच्या प्लेटेविषयीचा परिच्छेद, म्हणजे तंत्रज्ञ बाईंच्या निष्काळजीपणाने प्लेटेवर औषधाचे थेंब उडाले, ती निकामी झाली आणि त्यामुळे आजार आठ महिने लपून राहिला, हा मजकूर भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. त्याला मी पेन्सिल लावलेली नाही.

जाणकार म्हणून अर्जाखाली माझी सही तू मागितली आहेस. सध्या चष्मा दुरुस्तीला दिला आहे. तो आला की बघू. गुडघ्यांमुळे तिकडे येणेही लांबत चालले आहे. आईला माझे आशीर्वाद सांग. तिला फार बोलू देऊ नकोस.

या म्हाताऱ्याच्या तांबड्या खुणांमागे लोभच आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा मामा

•

६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, ते तसंच वाचून घे. दंडात सळई आहे, एवढी सबब तुझ्या शाळेत चालावी. तांबडी पेन्सिल म्यानात ठेव.

फौजदाराने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. चष्मा दुरुस्तीला आहे म्हणतोस आणि नववी तारीख अकरावी केलीस ती काय हाताने चाचपून? तो मनातल्या मनात चिडला, मी मात्र पोट धरून हसले. हसलं की मणके दुखतात, तरी हसले. झडपेचं मी कधीच विसरले होते. तूच आठवण काढलीस.

माझं बरं चाललंय. दर आठवड्याला सुई आणि वर गोळ्या. गोळ्यांच्या दिवशी मी इतकी बोलते की फौजदार स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासतो. येत्या शनिवारी, १२ तारखेला, पुन्हा पेट स्कॅन आहे. औषधाचा गुण आला की नाही ते त्यात कळणार. पहिल्या खेपेला सुई टोचल्यावर तासभर एका खोलीत गप्प पडून राहायला सांगितलं होतं. हलायचं नाही, बोलायचं नाही. दादा, मशिनीची भीती नाही वाटली, त्या तासाची वाटली! मग डॉक्टरांनी पडद्यावर मला मीच दाखवली. सगळी राखाडी, आणि आत एकोणीस दिवे. मी म्हटलं, बाई, घरात एवढे दिवे मी कधी लावू दिले नाहीत.

ते चांगलं समजावून सांगतात. म्हणाले, साध्या एक्स-रेत हाडाचं भोक दिसायला तिथला तिसरा हिस्सा, कधी अर्धं हाड जावं लागतं. म्हणून आता डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कमी किरणांचा सीटी करतात, त्यात आधी दिसतं. पण कवटीतली भोकं, ती म्हणे साध्या प्लेटेतही पंचने पाडल्यासारखी गोल दिसतात. त्यावरून मला एक आठवलं, ते विचारायला हे पत्र.

ती तुझी विद्यार्थिनी, धांदल, तिने माझ्या डोक्याची प्लेट दुसऱ्यांदा काढली होती. तू तिला सगळ्यांदेखत झापलंस, त्याच्या दोन दिवसांनी मला निरोप पाठवून बोलावलं. सरांना आत्ता सांगू नका, मी त्यांना पाठवतेच आहे, असं म्हणाली. पोरगी रडवेली झाली होती म्हणून मीही गप्प बसले, आणि पुढे विसरूनच गेले. मग त्या दुसऱ्या प्लेटेचं काय झालं? तीही बिघडली का? फौजदाराला अजून बोलले नाही. त्याच्या कानावर गेलं की तो आणखी दोन पानं अर्ज लिहील.

फेब्रुवारीपासून तू एकदाही आला नाहीस. गुडघ्यांना माझा नमस्कार सांग.

जशी चिडवते तशीच माया ठेवणारी,
ठकी

•

९ जुलै

आदरणीय सरांस,
कृ. सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांनी पत्र लिहीत आहे. काही चुकले तर नेहमीप्रमाणे खूण करावी.

विभागाची बातमी अशी की, नवे डिजिटल यंत्र येत्या महिन्यात बसणार. डार्करूम बंद होईल. आपण बसवून घेतलेल्या प्लेटा धुण्याच्या टाक्या, डावीकडे डेव्हलपर, मध्ये पाणी, उजवीकडे फिक्सर, त्या काढून तिथे कपाट ठेवणार आहेत. आपल्या चाळीस नियमांची वही मात्र भिंतीवरच्या खिळ्याला अजून टांगलेली आहे.

दुसरी बातमी आपणास बहुधा ठाऊक असेल. आपल्या भाचेसाहेबांच्या तक्रारीचे पत्र कार्यालयात आले आणि माझ्याकडून खुलासा मागितला आहे. ३० जुलैला सकाळी अकराला चौकशी आहे. मी कंत्राटावर आहे, त्यामुळे ठपका आला तर पुढचे नूतनीकरण होणार नाही, असे मुख्य लिपिकांनी मला आधीच हळूच सांगितले. नव्या यंत्राच्या शिक्षणासाठी माझे नाव लागले होते, ते तूर्त थांबवले आहे.

सर, मी खुलाशात अजून एक ओळही लिहिलेली नाही. मला फक्त एक विचारायचे आहे. गेल्या वर्षी १४ जूनला मी आपल्याला टपालाने एक मोठा लिफाफा पाठवला होता. तो पोचला का? पोचला नसेल, तर टपालात गहाळ झाला असे मी लिहीन. ते कोणाच्याच अंगाशी येणार नाही. पोचला असेल, तर आपण सांगाल तसे लिहीन.

माझी चूक मला माहीत आहे. ती प्लेट मी आपल्याकडे न पाठवता गुरुवारी येणाऱ्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांसमोर ठेवायला हवी होती. प्लेट काढणाऱ्याने प्लेट वाचू नये, वाचणाऱ्याकडे द्यावी, हा आपला पहिलाच नियम. पण ताई आपल्या सख्ख्या बहीण, आणि आपण सगळ्या प्लेटा मीच बघतो म्हणून घेऊन गेला होतात. मला वाटले, सरांच्या हातात पोचली म्हणजे पोचली. त्यानंतर आपले उत्तर आले नाही, तेव्हा मी समजले की आपण पाहिली आणि काही विशेष नसावे.

ताईंची प्रकृती कशी आहे? त्यांनी मला त्या दिवशी दोन पेढ्यांएवढी मोठी खडीसाखर दिली होती, रडू नको म्हणून.

आपल्या रागाइतकाच आशीर्वादही माझ्या वाट्याला यावा.

आपली विद्यार्थिनी,
धांदल

•

११ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा आला का? नसेल तर माझा पाठवतो, नंबर जुळो न जुळो, सही करण्यापुरता पुरेल.

मामा, थट्टा बाजूला ठेवतो. अर्जाची एक प्रत मी आधीच धाडली, कारण मुदत संपत होती. आता तुमच्या जाणकार म्हणून दोन ओळी हव्यात. तुम्ही स्वतः १२ जूनला ती प्लेट बघितलीत, थेंब बघितलेत, कोपरा कापून रद्द केलीत. तुमच्याइतका पक्का साक्षीदार कोण? आईची उंची दोन इंच कमी झालीय. सहा मणके दबलेत. रोज सकाळी ती पलंगाच्या कडेला बसून उठायच्या आधी हळू आवाजात आकडे मोजते, आणि मला ऐकू येऊ नये म्हणून वर रेडिओ लावते. एका बाईच्या हलगर्जीपणामुळे आठ महिने गेले आणि आपण ब्र काढायचा नाही?

तुम्हीच शिकवलंत की चूक ज्याची त्याच्या नावावर टाकावी. मग टाका.

आई उद्या स्कॅनला जायच्या तयारीत आहे. सकाळपासून बोलून घेतेय, उद्याच्या एका तासाची भरपाई म्हणून.

तुमच्या सहीची आणि आशीर्वादाची सारखीच वाट पाहणारा,
फौजदार

•

१४ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आठ दिवस लांबवले. तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले, कारण तिन्ही सुरेख झाले होते.

दुसरी प्लेट बिघडली नव्हती. ती माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे.

१२ जूनला तुझ्या बारा प्लेटा पाहायला मी विभागात गेलो. बाहेरच्या बाकावर सात रोगी बसले होते. कवटीची प्लेट मी दिव्याच्या पेटीवर लावली आणि तिच्यावर काळे गोल ठिपके दिसले. सहा-सात, कडा स्वच्छ. मी दार उघडे ठेवूनच धांदलीला विचारले की काळा डाग कशाचा पडतो, डेव्हलपरचा की फिक्सरचा. डेव्हलपरचा, असे ती म्हणाली. मग फिल्म धुण्याआधी तिच्यावर डेव्हलपरचे शिंतोडे कोणी उडवले, असे मी विचारले. ती म्हणाली की तिने उडवलेले नाहीत. मी तिला सर्वांच्या देखत सांगितले की दोन वर्षे शिकून जिला हात कोरडे ठेवता येत नाहीत तिने भांड्यांच्या दुकानात नोकरी करावी. बाकावरचा एक माणूस हसला. मी कात्री मागून घेतली आणि प्लेटेचा कोपरा कापला. उरलेल्या अकरा प्लेटा काखोटीला मारून घरी आणल्या आणि स्वतःच वाचल्या. मी डॉक्टर नाही, ठके. १८ जूनला आपल्या घरच्या डॉक्टरांकडे जाऊन मी सांगितले की हाडे वयाप्रमाणे विरळ आहेत, एक मणका किंचित बसला आहे, बाकी काही नाही. कवटीची प्लेट विभागाने बिघडवली, पण ती पुन्हा काढण्याची गरज नाही. तीस वर्षे माझ्यावर विश्वास ठेवलेला तो माणूस, त्याने कागदावर तसेच लिहून घेतले.

त्याच्या आदल्या दिवशी लिफाफा आला होता. मी तो उघडला नाही. विद्यार्थ्यांची माफीपत्रे मी वाचत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मीही मनाशी तेच म्हणालो. १३ फेब्रुवारीला तुझ्या आजाराचे नाव कळले. १५ तारखेला दुपारी मी खणातला तो लिफाफा उघडला. आत दोन प्लेटा होत्या, कोपरा कापलेली पहिली आणि दुसरी, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिले होते की सर, आपला नियम सत्ताविसावा वापरला आहे, एकदा पाहावे. सत्ताविसावा नियम असा: डाग की आजार अशी शंका आली तर दुसरी प्लेट काढावी, थेंब दुसऱ्यांदा त्याच जागी पडत नाही. दोन्ही प्लेटा एकावर एक ठेवून मी खिडकीच्या काचेला धरल्या. सातही ठिपके एकमेकांवर बसले.

इथपर्यंत लिहून मी पत्र पुरे करणार होतो. म्हातारपण, अहंकार, नियमाचा कडकपणा, अशी चार शब्दांत सुटका झाली असती. पण खरे त्याहून वाईट आहे, आणि ते मी आजवर स्वतःशीही उच्चारलेले नाही.

तीस वर्षांत अशा आठ कवट्या मी पाहिल्या आहेत. पेटीवर प्लेट लावताच, पहिल्याच क्षणी, मला ती नववी दिसली. तुझे डोके होते ते. दुसऱ्या क्षणी मी रागावलो. रागावणे फार सोपे पडले, कारण त्याची मला सवय होती. थेंब आहेत असे एकदा मोठ्याने म्हटल्यावर ते थेंबच झाले.

आणि लिफाफा. माफीच्या चिठ्ठीला दहा बाय बारा इंचांचा पुठ्ठा घातलेला लिफाफा लागत नाही. तो हातात घेताच मला त्याची लांबीरुंदी ओळखू आली होती. आयुष्यभर तेच माप हाताळले.

तिकडे न येण्याचे कारण गुडघे नव्हेत. तू पलंगावरून उठताना मी समोर असेन, ही कल्पना मला सोसत नाही.

फौजदार माझी सही मागतो आहे. धांदलीचे पत्रही आले आहे. लिफाफा टपालात हरवला असे लिहून मला वाचवायला ती तयार आहे. तिच्या पत्रात एकही चूक नाही. मी दोनदा शोधली.

आशीर्वाद लिहिण्याची सवय आहे म्हणून लिहितो. तो घ्यावा की नाही, हे तुझ्याकडे.

दादा

•

१८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी. एकोणिसांपैकी अठरा दिवे विझले. खुब्याजवळ एक मिणमिणतोय, त्याच्यासाठी औषध चालू राहील आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघतील. मी विचारलं की मग भोकं बुजली का. डॉक्टर म्हणाले, हाडाची भोकं सहसा तशीच राहतात. सीटीत ती पुढेही दिसतील. म्हणून नुसतं भोक बघून आजार जागा आहे की झोपलाय ते सांगता येत नाही, दिवा बघावा लागतो.

आता तुझं पत्र. मी माफ केलं, असं लिहायला बसले होते. पण तू खोटी वाक्यं पकडतोस, म्हणून खरं लिहिते. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझं पत्र चपलांच्या खणात ठेवलं. लहानपणी तू माझी बाहुली मोडलीस आणि मांजरावर ढकललंस, तेव्हाही तुझा चेहरा असाच गंभीर होता. त्या मांजराला घराबाहेर काढलं होतं, आठवतं? मला आठवतं.

डॉक्टरांना विचारलं की आठ महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं. ते म्हणाले, आजार तोच असता, औषध बहुतेक हेच असतं, पण दंड कदाचित मोडला नसता आणि मणके एवढे दबले नसते. तर तेवढं आहे, दादा. दोन इंच. वरच्या फळीवरच्या डब्याला आता माझा हात पुरत नाही.

माझं मी बघेन. आज थोडं चिडेन, उद्या थोडं कमी. पण त्या पोरीच्या वाटणीचं माफ करायचा हक्क मला नाही, आणि तुझ्या वतीने मांजराला बाहेर काढायला मी या खेपेला तयार नाही. फौजदाराला मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचंस. तो ओरडेल, मग भांडी घासेल. तुझी सही त्याला हवी आहे ना, तर दे. फक्त कशाखाली देतोस ते बघ.

आणि इकडे ये. मी पलंगावरून उठताना आकडे मोजते ते फौजदाराने तुला लिहिलं असेलच. त्याला ते ऐकू येतं हे मला माहीत नाही, असं त्याला वाटतं. सव्विसापर्यंत जातात. तू समोर बसून मोज, म्हणजे मला मोजायला नको.

चिडलेली असले तरी तुझीच,
ठकी

•

२४ जुलै

चि. फौजदारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या २ जुलैच्या पत्राची मला दुरुस्ती करायची आहे. त्यात मी तुझ्या पाच चुका दाखवल्या. सहावी दाखवली नाही, कारण ती तुझी नव्हती. तुला ती मी सांगितली होती आणि तू मामावर विश्वास ठेवून लिहून काढलीस. कवटीची प्लेट निकामी झालेली नव्हती. तिच्यावर थेंब नव्हते. तो तुझ्या आईचा आजार होता, तो मला दिसला होता, आणि मी तो एका निरपराध मुलीच्या हातून सांडलेले औषध म्हणून जाहीर केला. त्याच जागांवर तेच ठिपके दाखवणारी दुसरी प्लेट तिने मला वेळेत पाठवली होती. ती मी आठ महिन्यांना दोन दिवस कमी इतका काळ न उघडता ठेवली, आणि उघडल्यावरही पाच महिने हे कोणाला सांगितले नाही. त्या काळात तुझा मसुदा माझ्या हाताखालून गेला. त्यातल्या तारखा मी सुधारल्या आणि ते एक वाक्य राहू दिले.

चूक ज्याची त्याच्या नावावर टाकावी, असे मी शिकवले, याची तू आठवण दिलीस. उशिरा का होईना, टाकतो आहे. तुला ओरडायचे असेल ते पत्रातून ओरडू नकोस. मी १ ऑगस्टला सकाळच्या गाडीने येतो आहे, समोरासमोर ओरड. वरच्या फळीवरचा डबा मी येईपर्यंत कोणी काढू नये.

काल मी विभागात गेलो. पत्र लिहून भागले असते, पण झापताना मी पत्र लिहिले नव्हते. बाहेरच्या बाकावर पाच रोगी होते. सात मिळेपर्यंत थांबावे असे क्षणभर मनात आले, तो पळपुटेपणा होता. दारात उभा राहून त्या पाचांच्या देखत मी धांदलीला सांगितले की गेल्या वर्षी १२ जूनला या जागी मी जे बोललो ते खोटे होते, तिचे हात कोरडे होते, आणि प्लेट बरोबर होती. तिने दारावरच्या दिव्याकडे बोट दाखवले. मग म्हणाली की लाल दिवा लागला आहे, आत रोगी आहे, दिवा लागला असताना दारात उभे राहू नये हा नियम नववा. तेव्हा सरांनी कृपया बाकावर बसावे. मी बसलो. पाऊण तास बसलो. काम संपल्यावर ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसून रडली. मी काय करावे ते मला कळले नाही. कोणत्याच नियमात ते नाही. तिने मला माफ केले की नाही, हे मी विचारलेले नाही आणि तूही विचारू नयेस.

तुझा अर्ज मागे घेण्याचे पत्र तू लिहावेस. तुझे अर्धवट राहिलेले काम एवढेच. बाकी जबानी माझी आहे. ती सोबत जोडली असून तिची सही केलेली प्रत आजच कार्यालयाकडे धाडली. या वेळी तपासून पाहण्याची पाळी तुझी; चूक सापडल्यास तांबडी पेन्सिल वापरावी.

लोभ ठेव, असे लिहिण्याचा मला तूर्त अधिकार वाटत नाही. वाटेल तेव्हा ठेव.

तुझा मामा

सोबत: तारखांची दुरुस्ती

११ जून, गेले वर्ष. बारा प्लेटा काढल्या. सर्व नीट काढल्या होत्या.

१२ जून. कवटीच्या प्लेटेवर सात ठिपके मला दिसले. ते काय आहेत हेही दिसले. मी तंत्रज्ञ बाईंना दोष दिला आणि स्वतःच्या हाताने कोपरा कापला.

१४ जून. तंत्रज्ञ बाईंनी कवटीची दुसरी प्लेट काढली व त्याच दिवशी दोन्ही प्लेटा टपालात टाकल्या.

१७ जून. लिफाफा मला पोचला. तो मी माफीपत्र समजलो, असे आजवर मनाशी म्हणत आलो. तसे समजलो नव्हतो.

१८ जून. डॉक्टरांना मी तोंडी सांगितले की काही नाही. तसे सांगण्याची माझी पात्रता नव्हती.

६ फेब्रुवारी, हे वर्ष. बहिणीचा उजवा दंड मोडला. झडप ओढायला तिने आधी मला सांगितले होते. मी पान संपवतो म्हणालो.

९ फेब्रुवारी. सीटी. १३ फेब्रुवारी. एमआरआय, मगजाची तपासणी व पेट स्कॅन यांवरून निदान. याच दिवशी आजाराचे नाव घरात कळले. माझ्यापुरती ही तारीख १२ जून अशी वाचावी.

१५ फेब्रुवारी. लिफाफा उघडला.

१५ फेब्रुवारी ते १४ जुलै. या मुदतीत मी काहीही केले नाही.

१२ जुलै. दुसरे पेट स्कॅन. अठरा जागा विझल्या, एक शिल्लक.

३० जुलै, सकाळी अकरा. चौकशी. मी साडेदहाला हजर असेन. दोन्ही प्लेटा बरोबर आणीन आणि एकावर एक धरून दाखवीन. लिफाफ्यावर टपालाचा शिक्का स्पष्ट आहे. तो कधीही, कुठेही गहाळ झालेला नव्हता.